लिहिलेलं आपलंच, पण वाचता येईना

मॅडम, नमस्कार. आम्ही सेलूचे. माझे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ६६. मोंढ्यात एका आडतीवर ३५ वर्षं मुनीम आहेत. पोळ्याच्या दिवशी सकाळी पेपर उघडला आणि म्हणाले, "आज हे काय छापलंय, काहीच समजंना." हातापायावरून वारं गेलं नव्हतं, तोंड वाकडं नव्हतं, बोलणं स्वच्छ. म्हणून आम्ही चष्म्याचा नंबर काढायला नेलं. नवा चष्मा आला, फरक नाही. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनीच एमआरआय करायला सांगितला. रिपोर्टवर 'लेफ्ट पीसीए इन्फार्क्ट' असं आहे. आता पाच महिने झाले. अण्णा सही करतात, सांगितलेली चिठ्ठी नीट लिहून देतात. पाच मिनिटांनी तीच चिठ्ठी पुढं धरली तर वाचता येत नाही. मालाच्या हिशेबाच्या पट्टीवरचे आकडे मात्र घडाघडा सांगतात. सकाळची पोथीही अडखळत नाहीत. आडतीचे मालक म्हणतात, नाटक करतात. नणंदबाईंना वाटतं, लक्ष देत नाहीत. एक पाहुणे म्हणतात, लकव्याचं औषध देतात त्या गावाला न्या. मागच्या आठवड्यात अण्णांनी बीपीच्या ऐवजी दुसरीच गोळी घेतली. मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होतो का? की हे आता असंच राहणार?
– एक सून

ताई, अण्णा नाटक करत नाहीत. माझ्या उत्तरातलं बाकी काही राहिलं तरी चालेल, पण एवढं वाक्य त्यांच्या मालकांना आणि नणंदबाईंना वाचून दाखवा. लिहिता येणं आणि आपलंच लिहिलेलं वाचता न येणं हा खरा आजार आहे. त्याला 'शुद्ध अलेक्सिया' असं नाव आहे आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तो डॉक्टरांना माहीत आहे.

१८८७ साली पॅरिसमधल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांना अगदी हेच झालं. त्यांनाही वाटलं, चष्मा बदलावा लागेल. तेही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच गेले आणि तिथून त्यांना ज्यूल देजेरीन या मेंदूतज्ज्ञांकडे पाठवण्यात आलं. बोलणं ठीक, लिहिणं ठीक, आकडे ठीक, फक्त अक्षरं परकी झालेली. एखादं अक्षर बोटानं हवेत गिरवलं, की ते कोणतं हे मात्र त्यांना सांगता यायचं. ही बोटाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचाच उपयोग करायचा आहे. १८९२ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर देजेरीन यांनी मेंदू तपासला आणि कोडं सुटलं. म्हणजे चष्म्याच्या दुकानात जाऊन तुम्ही काही वेडेपणा केला नाही. सगळे आधी तिथंच जातात.

आत काय बिघडलंय ते सांगते. अण्णांच्या मेंदूच्या मागच्या भागात डाव्या बाजूला रक्त नेणारी धमनी बंद झाली आणि तिथला भाग मेला. यालाच मेंदूचा झटका म्हणतात, रिपोर्टमधलं 'इन्फार्क्ट' ते हेच. त्या धमनीचं नाव पीसीए. तिथं डाव्या मेंदूचं बघण्याचं केंद्र आहे. त्याच्या थोडं पुढं, खालच्या बाजूला, छापील शब्द एका नजरेत ओळखणारी एक छोटीशी जागा आहे. उजव्या मेंदूचं बघण्याचं केंद्र शाबूत आहे, म्हणून अण्णांना पेपर दिसतो, फोटो ओळखू येतो, तुम्ही दिसता. पण उजवीकडं दिसलेलं अक्षर डावीकडच्या भाषेपर्यंत पोचायचं तर मध्ये एक पूल आहे, दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंचा जाड पट्टा. या आजारात बहुतेक वेळा त्या पुलाचं मागचं टोकही वाहून जातं. अक्षर अलीकडं, भाषा पलीकडं. लिहिण्याचं काम सगळं पलीकडच्या काठावर चालतं, म्हणून ते थांबलेलं नाही. आकड्यांची ओळख उजव्या मेंदूलाही बऱ्यापैकी असते. म्हणूनच पट्टीवरचा ४३५० त्यांना दिसतो आणि कळतो. तो तुरीचा भाव की सोयाबीनचा, ते कळत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मेलेला भाग परत जिवंत होत नाही. कोणी तसं सांगून तेल, चूर्ण, इंजेक्शन देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या काही आठवड्यांत जी सुधारणा आपोआप दिसते, ती मेलेल्या पेशींची नसते. भोवतालची सूज उतरते, अर्धवट उपाशी राहिलेल्या पेशी सावरतात, आणि लांबच्या ज्या केंद्रांना नुसता धक्का बसला होता ती पुन्हा कामाला लागतात. अण्णांचा तो काळ बराचसा सरलाय. इथून पुढं जे होईल ते सरावानं होईल. आणि सरावानं खरोखर होतं, हे मी बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

असं बघा. माणसाला बोलता येतं लाखभर वर्षांपासून, पण लिपीचं वय जेमतेम ५,००० वर्षं. वाचण्यासाठी मेंदूत जन्मतः कुठलीही जागा राखून ठेवलेली नाही. आपण पहिलीत बाराखडी गिरवतो तेव्हा वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा अक्षरांच्या कामाला लागतो. वाचन ही मुळातच उसनी घेतलेली जागा आहे. आणि अशी जागा मोठेपणीही तयार होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौ भागातल्या, तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायकाच होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. आधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून बघितले. मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे तर अगदी खोलवरच्या, नजर आणि लक्ष यांना हातभार लावणाऱ्या केंद्रांचंही दृश्यकेंद्राशी सूत जास्त घट्ट जुळलेलं दिसलं. त्यांना झटका आलेला नव्हता, हे खरं. पण प्रौढ मेंदू आपलीच देवनागरी शिकताना इतका आतून हलतो, हे आपल्याला धीर देणारं आहे.

झटक्यानंतरचाही अभ्यास आहे. लंडनच्या एका गटानं २०१३ साली अण्णांसारख्या नऊ रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. त्यांना काही आठवडे शब्द एकाच वेळी डोळ्यांना दाखवायचा आणि कानांना ऐकवायचा, असा सराव दिला. नंतर मेंदूतले संदेश मोजले, तेव्हा सराव केलेल्या शब्दांच्या बाबतीत भाषेच्या बाजूकडून नजरेच्या बाजूकडं येणारे संदेश बळकट झालेले आढळले. म्हणजे डोळा अर्धवट माहिती पाठवतो आणि भाषा मागून सांगते, "हे 'कापूस' असेल, नीट बघ." काहींच्या बाबतीत उजव्या मेंदूतला जुळा भागही अक्षरं ओळखण्याचं काम थोडं थोडं उचलतो. पूल पुन्हा बांधला जात नाही. पण पूल गेल्यावर लोक जसे दुसऱ्या गावावरून फेरा मारून येतात आणि रोजच्या येण्याजाण्यानं तिथं वाट पडते, तसं काहीसं होतं.

इथं एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. त्याच शहरात पुढं २०१८ साली, झटका जुना झालेल्या २१ लोकांवर काम झालं. त्यांच्या बोलण्यावरही परिणाम होता. प्रत्येकाला सुमारे ३४ तास सराव दिला. वाचन सुधारलं, पण ते मुख्यतः सराव केलेल्या शब्दांचं. बाकीच्या शब्दांवर फारसा फरक पडला नाही. म्हणून मी प्रत्येक घराला सांगते, शब्द निवडताना कंजूषपणा करू नका आणि आळसही करू नका. अण्णांना ज्या शब्दांची रोज गरज आहे, तेच शब्द घ्या. तूर, सरकी, पेंड, पोती, हमाली, तोलाई, रोकड. नातवंडांची नावं. ज्या गावांहून माल येतो त्या गावांची नावं. त्यांच्या गोळ्यांची नावं.

आणि अंकलिपी आणू नका. मी वाचा-उपचाराच्या कामात नवीन असताना एका निवृत्त गुरुजींपुढं कमळ-कणसाची चित्रं असलेली अंकलिपी ठेवली होती. त्यांनी ती मिटली, टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली, नमस्कार केला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. ज्या माणसानं ४० वर्षं दुसऱ्यांना शिकवलं त्याच्यापुढं मी काय ठेवलं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. अण्णा ३५ वर्षं वह्या लिहिणारे मुनीम आहेत. त्यांच्यापुढं मोंढ्याचे शब्द ठेवा.

आता बोटाची गोष्ट. आपल्याकडं पूर्वी धूळपाटी होती, पोरं धुळीत बोटानं अक्षर गिरवायची. तेच करायचं. परातीत ज्वारीचं पीठ पसरा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करनं एक शब्द लिहा, अक्षरं चांगली दोन बोटं उंच. अण्णांनी पुठ्ठ्याकडं बघत पिठात तो शब्द उजव्या हाताच्या बोटानं काढायचा आणि काढता काढता मोठ्यानं म्हणायचा. डोळ्यांकडून वाट बंद आहे, पण हाताला अक्षर पाठ आहे. हात हलला की हालचालीची आठवण भाषेला जाऊन सांगते. दोन-तीन आठवड्यांनी परात बाजूला ठेवून तळहातावर गिरवायचं. मग मांडीवर, नुसतं बोटाच्या टोकानं. मग मनातल्या मनात. ही उतरंड महत्त्वाची आहे. परातीतच अडकून राहू नका.

देवनागरीत एक अडचण आहे. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि उच्चार नंतर होतो. एकेक रेघ वाचत जाणाऱ्या माणसाचा इथं हमखास घोटाळा होतो. तेव्हा 'क' आणि वेलांटी वेगळं करून शिकवू नका, 'कि' एकाच झटक्यात गिरवू द्या. भ-म, घ-ध, ब-व, थ-य या जोड्या सुरुवातीला एका दिवशी आणू नका. आणि आधी दोन-तीन अक्षरी शब्द घ्या, कारण या आजारात शब्द जितका लांब तितका वेळ जास्त लागतो. 'सोयाबीन' दुसऱ्या महिन्यात आलं तरी चालेल.

सकाळी पंधरा मिनिटं परात. संध्याकाळी पंधरा मिनिटं आवाज. सरावाला वीस शब्द घ्या आणि तुमच्या फोनवर त्यांचंच रेकॉर्डिंग करा, मध्ये चार-पाच सेकंद सोडून. पुठ्ठा समोर, आवाज कानात, दोन्ही एकाच वेळी. आठवड्यानं आवाज जरा उशिरा लावा, म्हणजे अण्णा आधी स्वतः प्रयत्न करतील. रोज अर्धा तास धरला तर ३४ तास व्हायला सव्वादोन महिने लागतात. दोन दिवस चार-चार तास बसवून हे होत नाही. झटक्यानंतर मेंदू लवकर थकतो. अण्णा कपाळ चोळायला लागले की थांबा.

एक गोष्ट मात्र बंद करा. आलागेला पाहुणा पेपर पुढं धरून "अण्णा, हे वाचा बरं" म्हणतो ना, ते. परीक्षा घेतल्यानं वाट पडत नाही, माणूस मिटतो. झटक्यानंतर तिघांपैकी जवळपास एकाला नैराश्य येतं. अण्णा जेवणावरून उठून जात असतील, झोप गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना ते स्वतंत्रपणे सांगा. त्यावर औषध आहे, आणि मन उभं राहिल्याशिवाय सराव उभा राहत नाही.

पोथीवरून घरात भांडण होत असेल, तर मी एका घरी बघितलेलं सांगते. आजोबा ओसरीवर पोथी वाचत होते. वाऱ्यानं दोन पानं उलटली. आजोबांचा आवाज तसाच, त्याच चालीत, मागच्या पानावरची ओळ पुढं नेत होता. ते वाचत नव्हते, म्हणत होते. पाढे, आरत्या, पाठ झालेल्या ओव्या मेंदूत वेगळ्या ठिकाणी मुरलेल्या असतात, त्यांना डोळे लागत नाहीत. अण्णा कुणाला फसवत नाहीत, बहुधा त्यांना स्वतःलाही हे लक्षात आलं नसेल. त्यांना टोकू नका, पोथी बंद करू नका, कारण तिच्यातून एक चांगला सराव निघतो. पाठ असलेली एक ओवी मोठ्या अक्षरात लिहा. त्यांना म्हणू द्या. मग विचारा, "यातला तिसरा शब्द कुठाय, बोट ठेवा." शब्द काय असणार ते त्यांना माहीत आहे, डोळ्याला फक्त तो शोधायचाय. मघाशी सांगितलेली भाषेकडून नजरेकडं येणारी वाट, ती हीच.

दुसरं, तुम्ही सेलूत राहता, तर स्टेशनवर जा. पिवळ्या पाटीवर हातभर अक्षरात एकच शब्द, आणि तो ओळखीचा. अशा पाट्यांचे फोटो काढून ठेवा: परतूर, सातोना, सेलू, मानवत रोड, परभणी. पण दाखवताना क्रम मोडा. ओळीनं दाखवलंत तर अण्णा वाचणार नाहीत, गाडी चालल्यासारखी नावं म्हणतील.

आता जे आधी विचारायला हवं होतं ते. अण्णांच्या उजव्या बाजूचं दिसतं का? या झटक्यात पुष्कळदा दोन्ही डोळ्यांची उजवी अर्धी नजर जाते आणि माणसाला ते कळतही नाही. जेवताना ताटाच्या उजवीकडची भाजी तशीच राहते का? दाराच्या उजव्या चौकटीला खांदा लागतो का? डोळ्यांच्या डॉक्टरांकडं 'फील्ड टेस्ट' करून घ्या. तोपर्यंत अण्णांनी मोटारसायकल चालवायची नाही, मोंढ्यापर्यंतसुद्धा नाही. यात मी कुणाचं ऐकणार नाही. उजवीकडून येणारा ट्रॅक्टर त्यांना दिसणार नाही. नजर अर्धी गेली असेल तर वाचनालाही त्याचा त्रास होतो, कारण आपण डावीकडून उजवीकडं वाचतो आणि पुढचा शब्दच अंधारात असतो. त्यासाठी वेगळा सराव आहे, बातम्यांच्या चॅनलखाली उजवीकडून डावीकडं सरकते तशा पट्टीवर वाचायचा. (आपल्या भागातल्या काही वाचकांसाठी: घरात निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेलं कुणी असेल तर हिशेब उलटा धरा. उजवीकडून डावीकडं वाचणाऱ्याला डावी नजर गेल्याचा त्रास जास्त होतो.)

गोळ्यांचं आजच करा. सकाळच्या गोळ्या एका डबीत, रात्रीच्या दुसऱ्या, डब्यांचा रंग वेगळा, आणि झाकणावर अक्षर नको, आकडा लिहा: ८ म्हणजे सकाळी आठ. आकडे त्यांना वाचता येतात. बीपी, साखर आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. तंबाखू असेल तर ती सुटायलाच हवी. त्या गावच्या औषधाला गेलात तर तिथं या गोळ्या बंद करायला सांगतात, माझी मुख्य भीती ती आहे. आणि पुन्हा कधी अचानक वाचता येईना, दिसेना, बोलता येईना, तोल जायला लागला, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. या वेळी ते हुकलं, त्याचा दोष स्वतःकडं घेऊ नका. हात-पाय चालत असताना लकवा कुणाच्या मनात येतो?

माझ्यासारखं काम करणाऱ्यांना वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बहुधा कान-नाक-घसा विभागात चौकशी केली की पत्ता लागतो. महिन्यातून एकदा दाखवलं आणि मध्ये व्हिडिओ कॉल केला तरी चालतं. अण्णा पूर्वीसारखा पेपर घडीभरात वाचून संपवतील, असं वचन मी देऊ शकत नाही. सावकाश, बोट हलवत, पट्टी वाचतील, एवढी आशा मला आहे.

मालकांना भेटायला तुम्ही स्वतः जा, रिपोर्ट घेऊन. त्यांना सांगा, बेरजा, वजनं, भाव हे सगळं अण्णा आजही करू शकतात. फक्त शेतकऱ्याचं नाव आणि माल कुणीतरी तोंडानं सांगायला हवं. अण्णा ते वहीत लिहितील.

आणि प्रगतीची नोंद तुम्ही ठेवू नका. एक नवी वही घ्या, लाल बांधणीची मोंढ्यातली असते तशी. रोज संध्याकाळी वीस शब्दांना किती सेकंद लागले ते घड्याळ बघून अण्णांनाच लिहायला सांगा. तारीख, सेकंद, बरोबर किती, चूक किती. दोन महिन्यांनी ती वही मला दाखवा. शब्द त्यांना वाचता येवोत न येवोत, पहिल्या पानावरचा आकडा आणि शेवटच्या पानावरचा आकडा यांतली वजाबाकी ते स्वतः करून सांगतील.